विद्यार्थी आगरकर

आपल्या समाजातील एका दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र दरवर्षी या स्मरणिकेत द्यावयाचे, असा संघाचा परिपाठ आहे. यंदा त्यासाठी गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव निवडताना आमच्या मनात थोडा संकोच होता, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. ज्या पुरुषाने जातीच्या अभिमानावर उभ्या हयातीत कोरडे ओढले, त्याचे गुणगान जातीच्या स्मरणिकेने करावे, ही गोष्ट त्यास कितपत रुचली असती याची आम्हांस शंका आहे. दुसरे असे की, आगरकर जिवंत असताना पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. त्या यात्रेत आपल्या समाजातील कोणीच नव्हते, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पुण्यात आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. पण या मानाने त्या दिवसाचा हिशेब पुरा होतो, असे आम्ही मानीत नाही.

इतके असूनही आम्ही हेच नाव घेतले, त्याला कारण आहे. संघाच्या सभेत, हळदीकुंकवाच्या निमित्ताने, लग्नकार्याच्या पंक्तीत, जेथे चार कुटुंबे एकत्र येतात तेथे एक तक्रार हटकून कानी पडते. मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात गेली, की ती घरची राहत नाही. ती उलट बोलते, देवाला नमस्कार करीत नाही, नोकरीच्या सरळ वाटा सोडून भलतेच बेत सांगते. या तक्रारीत खरे दुःख असते, ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु हे सारे आजचेच आहे, पूर्वीची मुले अशी नव्हती, असे जे पुढे म्हटले जाते ते मात्र खरे नाही. दीडशे वर्षांपूर्वी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात राहून उलट बोलण्यास शिकलेली मुले आपल्याच घरांतून गेलेली होती. त्यांतील एकाने त्या मोकळिकीचे काय केले, ते पाहावे म्हणून हा लेख.

आगरकरांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या टेंभू या लहानशा गावी झाला. घरी दारिद्र्य असे, की मुलाच्या शिक्षणाचा विचार करणे हीच चैन. प्राथमिक शिक्षण आणि पुढील थोडे इंग्रजी कऱ्हाडास आप्तांच्या आश्रयाने झाले. तेथून पुढे वाट दिसेना. तेव्हा या मुलाने कधी कचेरीत उमेदवारी केली, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. रत्नागिरीस गेल्यास शिक्षणाची सोय होईल अशा आशेने तो पायी घाट उतरून गेला. तेथे कोणी जवळ केले नाही, म्हणून तसाच परत आला. आजच्या वाचकाने हा प्रवास नकाशावर एकदा पाहावा. मध्ये सह्याद्रीची भिंत आहे, आणि परतताना मुलाच्या हाती काहीही नव्हते.

अखेरीस वऱ्हाडात अकोल्यास आप्तांकडे राहण्याची सोय झाली. तेथील हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरू लाभले, आणि 1875 साली आगरकर मॅट्रिक झाले. महाजनी स्वतः एम. ए. होते. एकदा ते रागावले असता या विद्यार्थ्याने आपणही त्यांच्यासारखे एम. ए. होऊन दाखवू असे उत्तर केले, अशी आख्यायिका आहे. गुरूने त्या उत्तराचा राग मनात धरला नाही, इतकेच नव्हे तर पुण्यास जाण्यासाठी पैशाचे साहाय्य केले. उद्धट उत्तर कोणते आणि निश्चयाचे उत्तर कोणते, हे ओळखणारा शिक्षक भेटणे हीही एक शिष्यवृत्तीच होय.

अशा रीतीने वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास आगरकर डेक्कन कॉलेजात आले. हे विद्यालय पूर्वी गावात विश्रामबागवाड्यात पाठशाळेच्या रूपाने भरत असे. 1868 पासून ते शहराबाहेर, नदीपलीकडे, येरवड्याच्या दगडी इमारतीत गेले होते. ही जागाबदल वाटते तितकी साधी नव्हे. वाड्यात शिकणारा मुलगा संध्याकाळी घरी जातो, वडील माणसांच्या पंक्तीला बसतो, आणि दिवसभर ऐकलेले मिल आणि स्पेन्सर उंबऱ्याबाहेर ठेवून आत येतो. येरवड्यास राहणाऱ्या मुलाला तसा उंबरा नव्हता. रात्री दिवा किती वेळ जाळावयाचा, संध्या करावयाची की नाही, व्याख्यानास जावयाचे की नदीवर पोहावयास, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. पेशवाई बुडून जेमतेम साठ वर्षे झाली होती. ब्राह्मणाच्या मुलाला एवढी मोकळीक एवढ्या कोवळ्या वयात त्या काळी फारशी कोठे मिळत नसे.

या मोकळिकीचा उपयोग प्रत्येकाने आपापल्या स्वभावाप्रमाणे केला. बाळ गंगाधर टिळक आगरकरांहून आठवडाभराने लहान, परंतु कॉलेजात त्यांच्या आधी आलेले. त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घालविले, आणि ते वर्ष परीक्षेच्या दृष्टीने फुकट गेले. सोबत्यांशी तोंडावर सडेतोड बोलण्याने त्यांना इंग्रजीत फटकळ अशा अर्थाचे टोपणनाव पडले होते, हेही प्रसिद्ध आहे. त्या वर्षी रत्नागिरीकडील एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताने कॉलेजास भेट दिली असती, तर पोर वाया गेले असाच निर्वाळा त्याने घरी जाऊन दिला असता. त्याच पोराने त्या वर्षी कमावलेल्या प्रकृतीवर पुढे मंडालेची सहा वर्षे काढली. 1876 ची बी. ए.ची परीक्षा मात्र टिळक पहिल्या वर्गात उतरले.

आगरकरांची गोष्ट निराळी होती. त्यांना स्वातंत्र्य मिळाले ते रिकाम्या खिशासह. अंगात घालावयास एकच सदरा, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी तोच घालावयाचा, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिच्या पुनरुक्तीने ती गुळगुळीत झाली आहे, म्हणून तिच्याकडे किंचित थांबून पाहावेसे वाटते. सदरा रात्री वाळतो तो कोरड्या हवेत. पावसाळ्यात ओला सदरा अंगावर घालून वर्गात बसावे लागत असेल, आणि ज्या दम्याने आगरकरांचा पुढे बळी घेतला त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. हा आमचा तर्क आहे, त्याला तर्काहून अधिक किंमत वाचकांनी देऊ नये. निबंधांची बक्षिसे, शिष्यवृत्त्या, वृत्तपत्रांतील किरकोळ लेखन अशा मार्गांनी त्यांनी खर्च भागविला. परीक्षेच्या शुल्काची अडचण पडली तेव्हा एखाद्या नाटक मंडळीस नाटक लिहून द्यावे आणि पैसे मिळवावे, असा बेत त्यांनी केला होता असे सांगतात. ही गोष्ट गणिताचे अध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांच्या कानी गेली. त्यांनी स्वतः पैशाची तरतूद करून विद्यार्थ्यास अभ्यासाकडे परत लावले. केरूनानांसारख्या गुरूने लक्ष ठेवले, पण पाळत ठेवली नाही. या दोहोंतील अंतर आम्हां पालकांना अजून नीटसे साधलेले नाही.

वर्गात त्या काळी तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, इतिहास हे विषय इंग्रज अध्यापक शिकवीत. प्रो. सेल्बी हे त्यांपैकी एक. ग्रंथांतून मिलचा व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार आणि स्पेन्सरचा समाजशास्त्राचा विचार हाती येत होता. या ग्रंथांनी त्या पिढीतील अनेकांची डोकी फिरविली, असा आक्षेप त्या वेळीही घेतला जात असे. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. कित्येकांनी स्वातंत्र्याचा अर्थ शेंडी लहान करणे आणि चहा पिणे एवढाच घेतला, आणि नोकरी लागताच प्रायश्चित्त घेऊन ते पुन्हा पंक्तीत बसले. आगरकरांनी मिल वाचला तो निराळ्या रीतीने. जे मला पटत नाही ते करण्यास समाजाने मला भाग पाडू नये, एवढ्यावर ते थांबले नाहीत. जे मला पटते त्याची किंमत मी स्वतः दिली पाहिजे, ही दुसरी बाजू त्यांनी त्या वयातच स्वतःस लावून घेतली.

1877 साली, म्हणजे विद्यार्थी असतानाच, त्यांचा विवाह झाला. पत्नीचे नाव यशोदाबाई. ज्याला स्वतःचे पोट भरता येत नाही त्याच्या गळ्यात संसार बांधावयाचा, ही रीत त्या काळी सर्वत्र होती आणि आगरकरही तिला अपवाद ठरले नाहीत. पुढे बालविवाहावर त्यांनी जे जळजळीत लेख लिहिले, त्यांतील कळकळीचे मूळ त्यांच्या वसतिगृहातल्या खोलीतच असावे. सोबत्यांपैकी किती जण लग्नाच्या आणि मुलाबाळांच्या ओझ्याखाली परीक्षेआधीच मोडून पडत, हे त्यांनी जवळून पाहिले होते. 1878 साली ते बी. ए. झाले.

आता त्या प्रसिद्ध रात्रींकडे वळू. 1879 साली टिळक कायद्याच्या परीक्षेसाठी आणि आगरकर एम. ए.साठी कॉलेजात राहत होते. बाहेर काळ कठीण होता. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले होते. 1879 च्या आरंभी वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड पुकारले. त्या मे महिन्यात पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि जुलैत फडके पकडले गेले. तेही आपल्यापैकीच, हे वाचकांस सांगावयास नको. येरवड्याच्या त्या टेकाडावर हे दोन तरुण रात्र रात्र बोलत बसत. देशाचे काय करावयाचे, आणि त्याहून कठीण प्रश्न म्हणजे आपले काय करावयाचे? सरकारी नोकरी करावयाची नाही हे ठरले. शाळा काढावयाची आणि लोकांच्या मुलांना लोकांच्या पैशाने शिकवावयाचे, हेही ठरले. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा वाद तेव्हाही त्यांच्यात होताच, पण तो त्यांनी मैत्रीच्या आड येऊ दिला नाही.

बोलणे सोपे असते. वसतिगृहाच्या गच्चीवर रात्री देश स्वतंत्र करणारे तरुण प्रत्येक पिढीत असतात, आणि सकाळी त्यांतील बहुतेक अर्ज लिहावयास बसतात. या दोघांनी मात्र रात्री बोललेले दिवसा पाळले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1879 साली सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती. त्यांना ही तरुण मंडळी जाऊन मिळाली, आणि 2 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. एम. ए. व्हावयाचे राहिल्यामुळे आगरकर आरंभापासून येऊ शकले नाहीत, ते वर्षभराने येऊन मिळाले.

त्या सुमारास त्यांनी आपल्या आईस पत्र पाठविले. आम्ही त्यातील शब्द येथे देत नाही, आशय तेवढा सांगतो. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देत आहे, आता मोठ्या पगाराची जागा मिळेल आणि आपले पांग फिटतील, अशी आशा तू करू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालविण्याचे मी ठरविले आहे. एवढाच तो मजकूर. मराठी घराघरांत या पत्राचा गौरव झाला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आम्हांस नेहमी त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाचा विचार येतो. टेंभूच्या त्या माउलीने हा मजकूर ऐकला असेल तेव्हा तिला काय वाटले असेल? दारिद्र्यात दिवस काढून, आप्तांचे उपकार घेऊन, मुलगा पायी रत्नागिरीस जाऊन परत आलेला पाहून, ती ज्या एका दिवसाची वाट पाहत होती तो दिवस येणार नाही, असे मुलाने कळविले. मुलाच्या स्वातंत्र्याची किंमत अशी आईलाही द्यावी लागते. आगरकरांना हे कळत होते, म्हणून तर ते गप्प राहिले नाहीत. आशा वाढू द्यावी आणि मग ती मोडावी, हे त्यांना अप्रामाणिक वाटले. आजच्या मुलांनी आपले बेत आईबापांस इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितले, तर आमच्या सभांतील निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी आईबापांनाही ते ऐकून घेण्याचे बळ लागेल, ही गोष्ट वेगळी.

1881 च्या जानेवारीत केसरी निघाला आणि त्याच्या संपादनाचा भार आगरकरांवर आला. शाळा सांभाळून पत्र चालविणारी ही माणसे तिशीच्या आतली होती. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा तेथील कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत आहे, असा मजकूर केसरी व मराठा या पत्रांत आला. त्याला आधार म्हणून मिळालेली पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांना 1882 च्या जुलैत चार महिन्यांची साधी कैद झाली. चूक झाली हे त्यांनी मान्य केले, आणि शिक्षा भोगली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. तेथेही दोघांचे वाद मोठ्या आवाजात चालत. आगरकरांनी त्या दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले, ते अजूनही वाचनीय आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे विकारविलसित हे त्यांचे मराठी रूपांतरही याच काळाशी निगडित आहे.

या खटल्यातील दोन गोष्टी आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. खटल्याच्या वेळी जामीन हवा होता. जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी तो 10,000 रुपयांचा जामीन दिला. ज्यांच्यावर चिपळूणकरांनी निबंधमालेतून कठोर टीका केली होती तेच फुले, चिपळूणकरांच्या सहकाऱ्यांसाठी धावून आले. दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. खटल्याच्या खर्चासाठी ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांनी नाटके करून पैसा उभा केला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शेक्सपिअरचे एक विनोदी नाटक झाले, त्यात गोपाळ कृष्ण गोखले नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने भूमिका केली होती. कॉलेजातील मुलांनी नाटके करावीत की नाही, यावर त्या काळी घरोघर वाद होते. या मुलांनी ती केली, आणि आलेला पैसा ज्या कामासाठी उभा केला होता त्याच कामी दिला. तीन वर्षांनी हाच मुलगा न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला आणि आगरकरांचा निकटचा सहकारी झाला.

पुढील इतिहास वाचकांना परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर राहावयाचे हा नियम होता. पुढे वेतन आणि बाहेरील मिळकत यावरून मतभेद झाले. सामाजिक प्रश्नांवरून झालेले मतभेद त्याहून तीव्र होते. आगरकर 1887 साली केसरीतून बाहेर पडले, 1888 साली त्यांनी सुधारक काढला, आणि 1890 साली टिळकांनी सोसायटी सोडली. ज्या दोघांनी येरवड्यास रात्री जागविल्या ते एकमेकांवर लेखणी चालवू लागले. कोणाचे किती चुकले हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे मत विचाराल तर दोघांचेही शब्द नको तितके कडवट झाले, आणि त्याचे दुःख दोघांनाही होते.

सुधारकातून आगरकरांनी जे लिहिले त्यात मुलांच्या वाढीचा विषय वारंवार येतो. मुलाने प्रश्न विचारला असता त्याचे तोंड बंद करणारे घर देशाला गुलाम पुरविते, अशी त्यांची धारणा होती. गुलामांचे राष्ट्र या त्यांच्या निबंधाचे नाव आजही घेतले जाते, पण नाव घेणारांपैकी तो किती जणांनी वाचला आहे, हे आम्ही विचारीत नाही. मुलींना मुलांचेच शिक्षण द्यावे, आणि तेही एकत्र द्यावे, असे त्यांनी त्या काळी लिहिले. ज्या मोकळिकीने ते स्वतः घडले ती आपल्या बहिणींना का नाही, हा त्यांचा प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर देण्याऐवजी लोकांनी तिरडी बांधली.

घरात मात्र या माणसाने कोणावर सक्ती केली नाही. यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म करणाऱ्या. पतीचा देवावर विश्वास नाही आणि पत्नीची पूजा चालू आहे, असे ते घर होते. आपली मते स्त्रीवर लादणे हे त्यांना मतस्वातंत्र्याच्या विरुद्ध वाटे. समाजाने केलेल्या छळाचा मोठा वाटा या बाईने सोसला. मते तिची नव्हती, त्रास मात्र तिचा होता. सुधारकांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना दोन ओळी मिळतात, आणि आम्हीही त्याहून फार अधिक देऊ शकलो नाही, याची खंत वाटते.

1892 च्या ऑगस्टमध्ये प्राचार्य वामन शिवराम आपटे वारले आणि त्यांच्या जागी आगरकर आले. एकाच सदऱ्यावर दिवस काढणारा विद्यार्थी आता प्राचार्य झाला. पगार बेताचा, दमा बळावलेला, गावात निम्मे लोक तोंड फिरविणारे. ज्यांची मुले कॉलेजात होती अशा अनेक घरांना प्राचार्याची मते विषासारखी वाटत. नव्या संस्थेला हे परवडणारे नव्हते. विद्यार्थी कमी झाले, देणगीदार रुसले, तर कॉलेज बंद पडावयाचे. आपल्या मतस्वातंत्र्याचा भार संस्थेवर पडतो आहे, याची जाणीव आगरकरांना नव्हती असे कोण म्हणेल? त्यांनी कॉलेजचे काम चोख केले आणि आपली मते आपल्या पत्रातून, आपल्या नावावर मांडली.

याची कसोटी लवकरच लागली. धोंडो केशव कर्वे हे 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. पत्नी निवर्तल्यावर त्यांनी विधवेशीच विवाह करण्याचे ठरविले, आणि 11 मार्च 1893 रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्काराचा ठराव केला. त्यांची वृद्ध आई आणि भावंडे त्या बहिष्काराच्या छायेत राहिली. मुरूडचे हे प्रकरण आपल्या समाजाच्या इतिहासातील आहे, आणि ते झाकून ठेवण्याने कोणाचे हित होणार नाही. पुण्यात मात्र कर्वे अध्यापक होते तसेच राहिले. फर्ग्युसन कॉलेजच्या वर्गात त्यांच्यापुढे बसलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी त्यांच्या हातचे पाणीही चालले नसते. तीच मुले त्यांच्याकडून गणित शिकत होती. घरी काय सांगावयाचे आणि वर्गात काय शिकावयाचे, याचा निर्णय त्या मुलांनी आपल्याआपण केला असला पाहिजे.

आगरकरांचे प्राचार्यपद तीन वर्षेही टिकले नाही. दम्याने त्यांना पुरते पोखरले होते. 17 जून 1895 रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. टिळकांनी केसरीत मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना त्यांना फार वेळ लागला आणि डोळ्यांचे पाणी खळत नव्हते, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगून ठेवले आहे. येरवड्याच्या त्या कॉलेजातून पदवीचे वर्ग 1934 साली बंद झाले. पुढे 1939 पासून तेथे संशोधनसंस्था सुरू झाली, आणि ती दगडी इमारत अजून उभी आहे.

आगरकर गेल्यावर त्यांच्या सामानात एक लहानशी पुडी सापडली, असे सांगतात. तीत थोडे पैसे बांधून ठेवलेले होते, आणि ते आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी आहेत अशी चिठी सोबत होती. यशोदाबाईंना त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी ही तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती.